पहिली मोटार-प्रवासिनी : बर्था बेंझ

मोटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या दुकानापुढे तुम्ही कधी क्षणभर थांबला असाल. एखादी जुनी मोटार तेथे जॅकवर उचललेली असते. तिचे मागचे चाक जमिनीपासून चार बोटे वर, अधांतरी असते. कारागीर जमिनीवर आडवा होतो, चाकामागील पत्र्याच्या लहानशा छिद्रातून स्क्रू-ड्रायव्हरचे टोक आत घालतो आणि आतली कसली तरी वस्तू एकेक दाता पुढे सरकवितो. मधून मधून तो चाक हाताने फिरवितो, कान देऊन ऐकतो, आणि पुन्हा एक दाता पुढे जातो. पाहणाऱ्याला वाटते, एवढ्याशा कामाला इतका वेळ कशाला? पण त्या चाकाच्या आत जी झिजणारी पट्टी आहे, तिच्यावर गाडीत बसणाऱ्या सर्वांचे प्राण अवलंबून असतात. त्या पट्टीची कथा शंभराहून अधिक वर्षांमागे जर्मनीतील एका डोंगराळ रस्त्यावर सुरू झाली. आणि ती सुरू करणारी व्यक्ती कोणी नामांकित अभियंता नव्हती. ती होती दोन मुलांना बरोबर घेऊन माहेरी निघालेली एक माता. तिचे नाव बर्था बेंझ.

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीच्या बाडेन राज्यातील फोर्त्सहाइम या गावी झाला. तिचे माहेरचे आडनाव रिंगर. वडील सुतारकामात व बांधकामात निष्णात होते आणि स्वतःच्या कर्तबगारीवर त्यांनी चांगली संपत्ती मिळविली होती. घरात मुलगा व्हावा अशी त्या काळच्या अनेक घरांप्रमाणे या घरातही इच्छा होती. बर्था जन्मली तेव्हा या वेळीही दुर्दैवाने मुलगीच झाली, अशा अर्थाची ओळ वडिलांनी घरच्या बायबलात लिहून ठेवली होती आणि लहानपणी ती तिच्या दृष्टीस पडली, असे सांगतात. एखादी मुलगी ती ओळ वाचून खिन्न झाली असती. बर्थाने मात्र मनाशी ठरविले, की मुलगी काय करू शकते ते दाखवावयाचे.

तिला यंत्रांची विलक्षण आवड होती. आगगाडीचे इंजिन कसे चालते, वाफ चाकांना कशी फिरविते, हे ती वडिलांकडून समजून घेई. मुलींसाठी असलेल्या शाळेत तिचे शिक्षण झाले. पण त्यापुढची वाट बंद होती. बाडेन राज्यातील विद्यापीठांची दारे स्त्रियांना इ. स. १९०० मध्ये उघडली. बर्थाचे शालेय वय त्याच्या किती तरी आधी उलटून गेले होते. तेव्हा यंत्रविद्या हवी असेल, तर ती डोळ्यांनी पाहून आणि हातांनी करूनच मिळविणे तिला भाग होते.

इ. स. १८६९ मध्ये माउलब्रॉन येथील जुन्या मठाकडे एक सहल निघाली होती. त्या सहलीत बर्थाची ओळख कार्ल बेंझ नावाच्या तरुण अभियंत्याशी झाली. कार्लचे वडील आगगाडीचे इंजिन चालवीत. पण कार्ल दोन वर्षांचे होण्याच्या आतच ते वारले. त्यांच्या मातेने हालअपेष्टा सोसून मुलाला कार्लस्रूह येथील तंत्रशाळेत शिकविले. घोड्यावाचून आपल्याच बळावर धावणारी गाडी तयार करावयाची, या एका कल्पनेने कार्ल भारलेले होते. इतर लोक हे बोलणे ऐकून हसत. बर्था मात्र ते लक्षपूर्वक ऐके, प्रश्न विचारी. त्या गाडीवर पहिला विश्वास ठेवला तो तिने.

हा विश्वास केवळ शब्दांपुरता नव्हता. इ. स. १८७१ मध्ये कार्ल यांनी ऑगस्ट रिटर नावाच्या भागीदाराबरोबर मानहाइम शहरात एक लहानसा कारखाना काढला. भागीदारी जुळली नाही व कारखाना हातचा जाण्याची पाळी आली. तेव्हा बर्थाने लग्नात मिळावयाचे आपले स्त्रीधन लग्नाआधीच मागून घेतले आणि त्या पैशांतून रिटरचा हिस्सा विकत घेण्यात आला. पुढे २० जुलै १८७२ रोजी दोघांचा विवाह झाला. आपली सारी पुंजी बर्थाबाईंनी अशा गाडीवर लावली होती, की जी अद्याप कागदावरसुद्धा पुरी उतरली नव्हती.

त्यानंतरची वर्षे मोठ्या कष्टात गेली. ऑयगेन आणि रिचर्ड हे दोन मुलगे व क्लारा ही मुलगी अशी तीन अपत्ये घरात आली होती. थिल्डे व एलेन या दोघी पुढे जन्मल्या. खाणारी तोंडे वाढत होती आणि कारखान्यावर कर्जाचा डोंगर होता. एक वेळ तर अशी आली, की कर्जापायी कारखान्यावर जप्तीचे संकट ओढवले. अशा स्थितीत दुसरा कोणी असता, तर त्याने इंजिनाचा नाद सोडून पोटापुरते काम पत्करले असते. परंतु बर्थाबाईंनी नवऱ्याचा हात कधी मागे खेचला नाही. घर सांभाळून त्या कारखान्यातही मदत करीत.

३१ डिसेंबर १८७९ ची रात्र. सारे मानहाइम नववर्षाच्या स्वागतासाठी नटले होते. कार्ल यांनी तयार केलेले नवे इंजिन मात्र काही केल्या सुरू होत नव्हते. दिवसभर खटपट करून ते निराश होऊन घरी बसले होते. रात्रीचे जेवण आटोपल्यावर, आणखी एकदा प्रयत्न करून पाहू, असा आग्रह बर्थाबाईंनी धरला. दोघे त्या थंडीत कारखान्यात गेली. कार्ल यांनी इंजिनाचे चाक फिरविले आणि या खेपेस ते इंजिन एका लयीत धडधडू लागले. ती दोघे बराच वेळ तो आवाज ऐकत उभी राहिली. थोड्या वेळाने गावातील चर्चच्या घंटा वाजू लागल्या आणि जुने वर्ष सरले.

यापुढे सहा वर्षांच्या परिश्रमांनंतर इ. स. १८८५ मध्ये कार्ल यांची तीन चाकी गाडी तयार झाली. २९ जानेवारी १८८६ रोजी त्यांनी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला व ३ जुलै १८८६ रोजी मानहाइमच्या रस्त्यावर ती लोकांसमोर धावली. मोटारीचे जनक म्हणून आज जग कार्ल बेंझ यांना ओळखते ते याच गाडीमुळे.

पण त्या वेळी जगाने काय केले? जगाने ती गाडी विकत घेतली नाही. घोड्यांची सवय झालेल्या लोकांना हे धडधडणारे, धूर सोडणारे वाहन भयंकर वाटे. शहरातल्या शहरात चार फेऱ्या मारणारे हे यंत्र लांबचा पल्ला कसा गाठणार, अशी शंका जो तो बोलून दाखवी. कार्ल हे स्वभावाने अत्यंत काटेकोर होते. गाडीत अजून काय काय सुधारावे याच विचारात ते असत. ती घेऊन गावाबाहेर दूर जाण्याचे त्यांच्या मनात येत नव्हते. बर्थाबाईंनी मात्र ओळखले, की गाडीची खरी परीक्षा रस्त्यावरच होणार, आणि ती कोणी तरी घेतलीच पाहिजे.

ऑगस्ट १८८८ मधील गोष्ट. शाळांना सुट्टी होती. फोर्त्सहाइमला आजीकडे जावयाचे ठरले. मानहाइमपासून ते गाव शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक दूर होते. लोक हा प्रवास आगगाडीने करीत. बर्थाबाईंनी दुसरेच ठरविले होते. पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि त्याच्याहून लहान रिचर्ड यांना त्यांनी आपल्या बेतात सामील करून घेतले. पहाटे, कार्ल गाढ झोपेत असताना, तिघांनी तिसऱ्या नमुन्याची गाडी हळूच ढकलत कारखान्याबाहेर काढली. इंजिनाच्या आवाजाने घरमालक जागा होऊ नये, म्हणून गाडी बरीच दूर नेल्यावर त्यांनी ती सुरू केली. आजीकडे जात असल्याची चिठ्ठी बर्थाबाईंनी घरी ठेवली होती. कशाने जात आहोत, ते मात्र तीत लिहिले नव्हते, असे सांगतात.

ते इंजिन सुमारे अडीच अश्वशक्तीचे होते. म्हणजे आजच्या साध्या स्कूटरहूनही दुबळे. रस्ते होते ते बैलगाड्यांचे व घोडागाड्यांचे. पेट्रोल पंप नव्हते. दुरुस्तीची दुकाने नव्हती. गाडी मोडली तर ती दुरुस्त करू शकेल असा मनुष्य त्या वाटेवर एकच होता आणि तो स्वतः गाडीत बसलेला होता.

मानहाइमहून हायडेलबर्गपर्यंतचा सपाट रस्ता बरा गेला. पुढे इंधन संपत आले. ही गाडी लिग्रोइन नावाच्या द्रवावर चाले. कपड्यांवरचे डाग काढण्यासाठी लोक तो औषधाच्या दुकानातून लहानशी बाटली भरून नेत. वीसलोख या गावातील औषधाच्या दुकानापुढे गाडी थांबली आणि बर्थाबाईंनी दुकानात होते तेवढे लिग्रोइन मागितले. औषधविक्रेता चकित झाला असेल! पण त्या दिवसापासून त्या दुकानाला जगातील पहिला पेट्रोल पंप हा मान मिळाला.

इंजिन थंड ठेवण्यासाठी पाणी लागे आणि ते वाफ होऊन उडून जाई. म्हणून ओढा दिसला, विहीर दिसली, खाणावळ दिसली, की मुलांनी उतरावे आणि पाणी आणून ओतावे. एकदा इंधनाच्या नळीत कचरा अडकून इंजिन बंद पडले. बर्थाबाईंनी टोपीला लावलेली लांब टाचणी काढली आणि नळी साफ केली. पुढे ठिणगी देणाऱ्या तारेचे वेष्टन झिजून ती उघडी पडली, तेव्हा त्यांनी आपल्या मोज्याचा बंद सोडून तो तारेभोवती गुंडाळला. चाके फिरविणारी साखळी ताणून सैल झाली. ब्रुखझाल येथील लोहाराने ती घट्ट करून दिली. दोष काय आहे हे आधी शांतपणे पाहावे आणि मग हाताशी जे असेल त्यातून उपाय काढावा, अशी त्यांची रीत होती.

त्यानंतर डोंगराळ प्रदेश सुरू झाला. चढण आली, की ते दुबळे इंजिन हार मानी. मग दोघांनी खाली उतरून मागून ढकलावे आणि एकाने सुकाणू धरावे. घामाने तिघेही निथळत होती. मुलांना वाटे, एकदा ही चढण संपली, की सुख आहे. पण चढणीमागून येतो तो उतार, आणि खरे संकट उतारावर होते.

गाडीचा वेग कमी करण्यासाठी त्या काळी ब्रेकचे लाकडी ठोकळे असत. दांडा ओढला, की ठोकळा घट्ट दाबला जाई आणि त्या घर्षणाने वेग कमी होई. सपाट रस्त्यावर एवढे पुरे होते. लांब उतारावर मात्र गाडी आपल्याच वजनाने वेग घेई. तिला आवरण्यासाठी ठोकळा सतत दाबून धरावा लागे. सतत घासल्याने लाकूड तापे, झिजे आणि गुळगुळीत होई. गुळगुळीत झालेले लाकूड पकड घेत नाही. दांडा पूर्वीइतकाच ओढावा आणि गाडी मात्र पूर्वीइतकी थांबू नये, असे होऊ लागले. रस्त्याला वळणे होती, कडेला उतरण होती, समोरून घोडागाडी येण्याचा संभव होता, आणि गाडीत आपली दोन मुले होती. या क्षणी बर्थाबाईंना केवढी धास्ती वाटली असेल, याची आपण कल्पना करू शकतो.

त्या घाबरून परत फिरल्या नाहीत. पण देवावर भार टाकून तशाच पुढेही गेल्या नाहीत. त्यांनी गाडी थांबवून ठोकळे पाहिले. लाकडाचा दोष त्यांच्या ध्यानी आला. लाकडापेक्षा अधिक पकड घेणारे आणि झिजल्यावर सहज बदलता येईल असे काही तरी लाकडावर बसविले पाहिजे. तशी वस्तू त्या काळी प्रत्येक गावात मिळे. ती म्हणजे जोड्याचे चामडे. त्यांनी चर्मकाराकडे जाऊन ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामड्याच्या पट्ट्या ठोकून घेतल्या. या कामासंबंधात फोर्त्सहाइमच्या परिसरातील बाउश्लोट या खेड्याचे नाव आजही घेतले जाते. आयुष्यभर पादत्राणे शिवणाऱ्या त्या कारागिराने त्या दिवशी आपल्या हातून काय घडले, याची पुसटशीही कल्पना केली नसेल. मोटारीच्या ब्रेकला अस्तर लावण्याची ही पहिली घटना मानली जाते. ब्रेक पुन्हा पकड घेऊ लागला आणि तिघे सुखरूप उतार उतरली.

दिवस मावळण्याच्या सुमारास धुळीने माखलेली ती तीन चाकी गाडी फोर्त्सहाइममध्ये शिरली. लोक घराबाहेर धावत आले. बर्थाबाईंनी कार्ल यांना तार करून आपण पोचल्याचे कळविले. काही दिवसांनी त्याच गाडीतून, थोड्या वेगळ्या वाटेने, तिघे मानहाइमला परतली.

परत आल्यावर बर्थाबाईंनी शौर्याच्या गोष्टी सांगण्यात वेळ घालविला नाही. वाटेत काय काय बिघडले आणि का बिघडले, ते त्यांनी कार्ल यांच्यापुढे मांडले. चढणीवर इंजिनाची शक्ती अपुरी पडते, यावरून कार्ल यांनी गाडीत आणखी एक संथ गतीचा गिअर बसविला. ब्रेकच्या उणिवेकडेही त्यांनी लक्ष पुरविले. त्याच वर्षी म्युनिक येथे भरलेल्या यंत्रांच्या प्रदर्शनात बेंझ यांच्या गाडीला सुवर्णपदक मिळाले. ही गाडी लांबचा प्रवास करू शकते की नाही, या शंकेला आता उत्तर मिळाले होते. पुढे गाड्या खपू लागल्या. इ. स. १८९९ मध्ये बेंझ यांच्या कारखान्याने ५७२ वाहने तयार केली आणि तो जगातील सर्वांत मोठा मोटार-कारखाना ठरला.

मोटारींचा वेग वाढत गेला, तसा ब्रेकही बदलत गेला. बाहेरून दाबणारा ठोकळा चिखलाने व पावसाने निकामी होई. म्हणून घर्षणाची जागा चाकाच्या आत नेण्यात आली. इ. स. १९०२ मध्ये फ्रान्समधील लुई रनो यांनी या कल्पनेला जे स्वरूप दिले, ते पुढे सर्वत्र रूढ झाले. चाकाबरोबर फिरणारे उथळ डब्यासारखे लोखंडी भांडे म्हणजे ड्रम. त्याच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू बसविलेले असतात आणि प्रत्येक शूवर अस्तराची पट्टी असते. कारागीर तिला लायनर म्हणतात. ब्रेक दाबला, की दोन्ही शू फाकतात, लायनर ड्रमच्या आतल्या कडेला घासते आणि चाक थांबते. बाउश्लोटच्या चामड्याचे जे काम, तेच या लायनरचे काम. एकीकडे आपण झिजावे आणि दुसरीकडे माणसाला वाचवावे.

परंतु लायनर झिजले, की ते आणि ड्रम यांच्यातील अंतर वाढते. मग ब्रेकचे पेडल पूर्वीपेक्षा खोल जाते, हँडब्रेक अधिक ओढावा लागतो आणि गाडी थांबण्यास उशीर होतो. नंतरच्या अनेक मोटारींत हे अंतर आपोआप राखले जाते. जुन्या मोटारींत मात्र ते काम माणसाला करावे लागते. आरंभी आपण पाहिलेला तो कारागीर हेच करीत होता.

तो प्रथम पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावतो, म्हणजे गाडी घसरत नाही. मागची बाजू उचलून ती केवळ जॅकवर न ठेवता भक्कम आधारावर टेकवितो. हँडब्रेक पूर्ण सोडतो. कारण तो ओढलेला राहिला, तर शू आधीच फाकलेले राहतील आणि सारा अंदाज चुकेल. मग पत्र्याच्या छिद्रातून आतील दातेरी चक्र तो एकेक दाता फिरवितो. काही गाड्यांत चक्राऐवजी चौकोनी डोक्याचा खिळा पान्याने फिरवावा लागतो. दर दात्यागणिक शू ड्रमच्या जवळ सरकतात. शेवटी चाक हाताने फिरेनासे होते. तेथून तो चक्र उलट दिशेने थोडे मागे घेतो, इतके, की चाक मोकळे फिरावे. मग एकदा पेडल दाबून सोडतो, म्हणजे शू आपापल्या जागी नीट बसतात, आणि चाक पुन्हा फिरवून पाहतो. तो कान देऊन ऐकतो, ते आतील घर्षण. अगदी हलकीशी कुजबुज ऐकू आली, तर अंतर नेमके आहे. आवाज मोठा असेल आणि चाक अडखळत असेल, तर लायनर सतत घासून ड्रम तापेल. चाक अगदीच सैल फिरत असेल, तर ऐन वेळी ब्रेक उशिरा लागेल. दुसऱ्या बाजूच्या चाकालाही तो हीच काळजी घेतो. कारण एक चाक आधी थांबले आणि दुसरे मागून, तर गाडी एका अंगाला ओढली जाते. लायनर फारच झिजले असेल, तर मात्र नुसते दाते सरकवून भागत नाही. बर्थाबाईंनी नवे चामडे बसवून घेतले, तसे नवे लायनर बसवावे लागते. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस नावाचे खनिज वापरीत असत. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने जाणता कारागीर ड्रममधील धूळ कधीही फुंकर मारून उडवीत नाही. हे काम जाणत्या माणसाचे आहे. मुलांनी ते दुरून पाहावे व समजून घ्यावे.

कार्ल आणि बर्थाबाई यांनी आपल्या उत्तरायुष्यात लाडेनबुर्ग या लहान गावी वास्तव्य केले. ४ एप्रिल १९२९ रोजी कार्ल यांचे निधन झाले. बर्थाबाई त्यानंतर पंधरा वर्षे जगल्या. आपल्या आठवणींत कार्ल यांनी मोकळ्या मनाने मान्य केले आहे, की संसाराची नौका बुडू लागली तेव्हा पत्नीच खंबीरपणे पाठीशी उभी राहिली. ३ मे १९४४ हा बर्थाबाईंचा पंचाण्णवावा वाढदिवस. दुसऱ्या महायुद्धाचा वणवा तेव्हा पेटलेला होता. त्या दिवशी कार्लस्रूहच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना सन्माननीय सिनेटर ही पदवी अर्पण केली. कार्ल यांनी जेथे शिक्षण घेतले होते, तीच ही संस्था. ज्या विद्येचे दार त्यांच्या तरुणपणी मुलींना बंद होते, त्या विद्येच्या मंदिरानेच त्यांचा असा गौरव केला. त्यानंतर दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ रोजी, त्यांनी शांतपणे जगाचा निरोप घेतला.

त्यांनी ज्या वाटेने प्रवास केला, ती वाट इ. स. २००८ पासून बर्था बेंझ स्मृतिमार्ग म्हणून ओळखली जाते. मानहाइम ते फोर्त्सहाइम आणि परत, अशा त्या वाटेवर ठिकठिकाणी त्यांच्या नावाचे फलक उभे आहेत.

बर्थाबाईंचे धाडस पाहून आपण थक्क होतो. पण पहाटे गाडी घेऊन निघण्याचे धाडस दुसऱ्या कोणीही केले असते, असे घटकाभर धरून चालू. उतारावर ब्रेकची पकड कमी होत आहे, हे वेळीच ओळखून गाडी थांबविणे आणि झिजलेल्या जागी नवे चामडे बसवून मगच पुढे जाणे, हे मात्र ज्याला धाडसाबरोबर जबाबदारीचेही भान आहे त्यालाच साधते. म्हणूनच जुन्या मोटारीच्या चाकाला कान लावून बसलेला कारागीर पुन्हा कधी दिसला, तर त्याला घाई करू नका. बर्थाबाईंनी जे काम आरंभिले, तेच तो आपल्या परीने पुढे चालवीत असतो.

प्रश्न

१. बर्थाबाईंनी आपले स्त्रीधन कोणत्या कामासाठी खर्च केले? त्यात कोणता धोका होता?
२. ३१ डिसेंबर १८७९ च्या रात्री काय घडले, ते आपल्या शब्दांत सांगा.
३. चढणीपेक्षा उतारावरचे संकट अधिक मोठे होते, असे का म्हटले आहे?
४. लायनर आणि ड्रम यांच्यातील अंतर फार वाढले तर काय होते? फार कमी राहिले तर काय होते?
५. प्रवासाहून परतल्यावर बर्थाबाईंनी काय केले? त्यावरून त्यांचा कोणता गुण दिसतो?
६. तुमच्या घरातील झिजणाऱ्या एखाद्या वस्तूचे निरीक्षण करा व तिची काळजी कशी घ्यावी यावर दहा ओळी लिहा.